स्टिक पूर्ण गोल फिरवा

१

"दाबू नकोस! दादा, कशालाही हात लावू नकोस. मशीन टेबलावर ठेव आणि बाजूला हो."

सकाळचा चहा अजून तोंडाला लावला नव्हता आणि मी फोनवर ओरडत होते. पलीकडून दादाचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्याने पडद्यावरचा मजकूर पुन्हा वाचून दाखवला, एकेक शब्द सुटा करत.

"मेमरी कार्ड वाचता येत नाही. वापरण्यासाठी कार्ड फॉरमॅट करा. खाली 'ठीक' असं बटण आहे. तुझी वहिनी म्हणते, दाबून टाका, एकदाचं सुरू तरी होईल."

"वहिनीला म्हणावं, शिलाई मशीन सोडून दुसऱ्या कुठल्याही मशीनवर बोलू नकोस. ते दाबलंस तर कार्डावरचं सगळं पुसलं जाईल. निघालेच मी."

हातात धरून खेळायच्या गेम मशीनवर बिघाडाचा संदेश आला की लोक घाबरतात आणि नेटवर शोधाशोध करतात. तिथे त्यांना मदतीची जी पानं सापडतात, ती लिहिणं हे माझं काम. बॅटरी चार्ज होत नाही, मशीन फार तापलं आहे, कार्डात जागा नाही, अशा एकेका रडगाण्याला एकेक पान. लोक ते वाचतात, सांगितल्याच्या बरोबर उलटं करतात आणि वर मलाच शिव्या घालतात. या कामाने माझा स्वभाव चिडका झाला असं घरचे म्हणतात. तो आधीपासूनच तसा होता.

पण त्या सकाळी मी चिडले नव्हते, घाबरले होते. दादा माल उतरवायच्या यार्डात क्रेन चालवतो. मागे एकदा तारेचा दोर तुटून त्याच्या हातावर आला आणि उजव्या अंगठ्याची शीर कापली गेली. शिवली, जखम भरली, पण अंगठा आखडला. तेव्हा दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी त्याला हे गेम मशीन दिलं. गेम अगदी साधा. पडद्यावर एका तबकात काठोकाठ भरलेला पेला असतो, तो उजव्या अंगठ्याने फिरवायच्या छोट्या स्टिकने वेड्यावाकड्या वाटांमधून न सांडता पलीकडे न्यायचा. रोजचा आकडा कार्डावर साठतो. गेले काही आठवडे दादाचे आकडे असे चढत होते की बाई फोनवर त्याचं कौतुक करताना थकत नव्हत्या.

आज दुपारी यार्डाचे डॉक्टर ते आकडे बघणार होते. त्यांची सही झाली की दादा पुन्हा क्रेनवर. सही झाली नाही तर कायमचा गोदामाच्या फाटकावर, पावत्या तपासत. आयुष्यभर उंचावर बसलेला माणूस फाटकाच्या खुर्चीत किती दिवस जगेल, असा अभद्र विचार माझ्या मनात येऊन गेला. मी तो झटकला, पण तो गेला नाही.

दादाच्या घरी पोचले तेव्हा तो बाहेरच्या खोलीत नवा शर्ट घालून उभा होता आणि वहिनी त्याच्या बाह्यांची बटणं लावत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कौतुक संपत नाही, असं मी मनात म्हटलं आणि टेबलाकडे वळले.

मशीन चार्जरला जोडलेलं होतं.

"हा चार्जर कोणी लावला?"

"मी नाही," दादा म्हणाला. "रात्रभर लावून ठेवला तर बॅटरी फुगते म्हणतात. मी कधीच लावत नाही."

वहिनीने शेवटचं बटण लावलं आणि ती आत गेली.

२

मशीन बंद केलं, बाजूचं झाकण उघडलं आणि कार्ड बाहेर काढलं. नखाएवढं कार्ड. त्याचे सोनेरी पट्टे कोरड्या फडक्याने पुसले, पुन्हा आत सरकवलं, झाकण लावलं. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं. माझ्या पानावर हा उपाय सर्वात वर आहे.

मशीन सुरू झालं. पडदा थोडा वेळ काळाच राहिला. दादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मग नवा संदेश आला.

"शेवटची नोंद अर्धवट लिहिली गेली आहे. सेव्ह केलेला डेटा उघडता येत नाही."

"म्हणजे काय?" दादाने विचारलं.

म्हणजे काय ते मला चांगलंच माहीत होतं, कारण त्यावरचं पानही मीच लिहिलेलं आहे. मशीन नोंद लिहीत असताना पडद्यावर 'सेव्ह करत आहे' अशी अक्षरं चमकतात. नेमकं त्या वेळी कोणी कार्ड बाहेर ओढलं तरच हा संदेश येतो. मशीन पडून येत नाही, बॅटरी संपूनही येत नाही.

"दादा, हा बिघाड नाही. कोणीतरी मुद्दाम कार्ड उपटलंय."

तो मटकन खुर्चीत बसला. "माझ्या घरात? कोण?"

"काल कोण कोण आलं होतं?"

"कोण येणार? घरचेच. आणि संध्याकाळी बगळा येऊन गेला."

बगळा म्हणजे दादाचा यार्डातला जोडीदार. उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारा, म्हणून बगळा. पूर्वी दादा वर क्रेनमध्ये असायचा आणि हा खाली मालाला क्रेनचे हूक अडकवायचा. दादाचा हात गेल्यापासून क्रेनवर तोच बसत होता. दादा परत आला की त्याला खाली उतरावं लागणार होतं.

"काल त्याने मशीनला हात लावला होता?"

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हो. बघू तरी उस्ताद काय खेळता, म्हणाला. पण तो असं..."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दादाला डॉक्टरांकडे न्यायला बगळाच आला होता.

३

मी त्याला जिन्यात घेऊन गेले. दादासमोर त्याला धारेवर धरायचं नव्हतं.

"काल मशीनशी काय केलंस?"

"काय करणार ताई? पेला सांडला. सुरुवातीच्या वळणालाच. सगळे हसले माझ्यावर, विचारा वहिनींना."

"दादा परत आला की तुझी जागा जाईल."

त्याने मान आणखी पुढे काढली. "जाऊ दे की. वर बसलं की मला घाम फुटतो. आठ दिवस धड झोप नाही. उस्ताद वर असले की मी खाली डोळे मिटून उभा राहायचो. डोक्यावरून मालाचं अख्खं खोकं गेलं तरी वर बघायचो नाही." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, खरं सांगा, हात बरा आहे ना त्यांचा?"

"आकडे तर तसं सांगतात."

"मग झालं," तो म्हणाला, पण जिन्यातून हलला नाही. खाली उभा राहणार तोच होता, त्यामुळे त्याचा प्रश्न मला विसरता येईना.

आत आले तर पुतणी आंघोळ करून बाहेर आली होती. कॉलेजात जाते, पण घरात अजून छोटीच. गेमच्या बाबतीत ती अशी तरबेज की मशीन तिच्या हातात दिलं की आमच्यासारख्यांनी नुसतं तोंड बघत बसावं. मी तिला खिडकीपाशी गाठलं. तिथे वहिनीचं शिलाई मशीन असतं. बाजूला कापडांचा ढीग, त्यावर निळ्या खडूने मारलेल्या खुणा, खालच्या फरशीवर खडूची भुकटी.

"छोटे, बाबाच्या मशीनला हात लावलास?"

ती अशी दचकली की मला वाटलं, सापडली.

"आत्या, बाबांना सांगू नकोस ना. परवा माझा एक गेम त्यात टाकून बघितला. कार्डात जागा नाही असा मेसेज आला. मग मी काहीच पुसलं नाही, आईशप्पथ! बाबांचे आकडे पुसायला मी काय वेडी आहे?"

"आणि काल?"

"काल मी जेवून मैत्रिणीकडे गेले अभ्यासाला. तिथेच झोपले. आत्ता तासाभरापूर्वी आले. विचार आईला."

आईला विचारायची गरज नव्हती. छोटी खोटं बोलायला लागली की आधी हसते, आणि आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी टेबलापाशी परत गेले आणि मशीन उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. बिघाड झालेलं यंत्र आधी नुसतं बघायचं, ही माझी सवय. काचेवर बोटांचे ठसे होते, झाकण नीट बसलेलं होतं. उजव्या स्टिकच्या भोवती एक बारीक खाच असते, तिच्यात काहीतरी अडकलं होतं. मी सुईच्या टोकाने ते बाहेर काढलं.

निळी भुकटी. थोडीथोडकी नाही, खाचेत गच्च बसलेली. डाव्या स्टिकच्या खाचेत तिचा कणही नव्हता.

४

मला आठवलं, या गेमच्या सूचना लिहायला दवाखान्याने मलाच सांगितलं होतं, आणि मी त्या खूप कंटाळत लिहिल्या होत्या. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे आकडा लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. रुग्णाने प्रत्येक डावाला खट्टू होऊ नये म्हणून. आणि दुसरी म्हणजे मशीन प्रत्येक डाव लिहून ठेवत नाही. त्या दिवसाच्या आधीच्या सर्वांपेक्षा चांगला डाव झाला तरच ते सेव्ह करतं.

मी दादाला विचारलं, "काल तू खेळून झाल्यावर मशीन नीट बंद झालं होतं?"

"झालं की. जेवायच्या आधी खेळलो, मेनूवर आणून ठेवलं. बंद करायला नेहमी तुझ्या वहिनीकडेच देतो."

म्हणजे जेवणानंतर कोणीतरी पुन्हा खेळलं होतं. नुसतं खेळलं नव्हतं, दादापेक्षा चांगलं खेळलं होतं, तेव्हाच ती अक्षरं चमकली आणि तेव्हाच कार्ड ओढता आलं. बगळ्याचा पेला पहिल्याच वळणावर सांडतो. छोटी घरात नव्हती. आणि कार्ड ओढण्याआधी ज्या कोणी चार्जर लावला, त्याने माझं पान वाचलं होतं. त्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलंय: कार्डाला हात लावण्यापूर्वी बॅटरी पुरेशी नसेल तर चार्जर जोडा. त्याच्याच खाली लिहिलंय: 'सेव्ह करत आहे' दिसत असताना कार्ड काढू नका, सगळा डेटा जाईल.

नासधूस करायला निघालेला माणूस आधी काळजीने चार्जर लावतो, मग मी जे करू नका म्हटलं तेवढंच करतो, मग झाकण नीट लावून ठेवतो. असं व्यवस्थित कोण वागतं, ते मला ठाऊक होतं. पण मन मानायला तयार नव्हतं.

मशीनच्या आतल्या मेमरीत आदल्या दिवसाची एक राखीव प्रत असते. ती शोधायला मी मशीनला लावलं असतं तर दादाची काळजी लगेच मिटली असती. तरीही मी आधी गेमचा सरावाचा डाव सुरू केला. त्याला कार्ड लागत नाही. मशीन घेऊन मी स्वयंपाकघरात गेले.

वहिनी ओट्याशी उभी होती.

"हे जरा धर ग. माझा फोन वाजतोय," मी म्हटलं आणि मशीन तिच्या हातात कोंबलं.

"अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"नुसतं धर."

पडद्यावर तबक निघालं होतं. पहिलं वळण आलं, पेला कलला, पाणी काठाला आलं. माझा फोन वाजत नव्हता, मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते. तो आपोआप हलला. हलकेच उजवीकडे, मग वर, मग जरा मागे. पेला सरळ झाला. दुसरं वळण, तिसरं वळण. एक थेंब सांडला नाही.

मग तिच्या लक्षात आलं. तिने अंगठा चटका बसल्यासारखा उचलला आणि पेला पडला.

"वन्सं," ती म्हणाली.

ती एरवी मला नावाने हाक मारते. वन्सं फक्त थट्टेत म्हणते, आणि आता ती थट्टा करत नव्हती.

५

मी मशीन तिच्या हातातून घेऊन बाहेरच्या टेबलावर ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

"वहिनी, तू त्याचे आकडे का घालवलेस? तुला तो क्रेनवर नको आहे का?"

"त्यांचे आकडे नाहीतच ते," ती म्हणाली. "माझे आहेत."

मी ओट्याला टेकले.

"पहिल्या आठवड्यात ते रोज सकाळी आकडा बघायचे. नऊ. अकरा. परत नऊ. आकडा बघून ताट बाजूला सारायचे. बोलायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला भीती वाटायला लागली गं. एकदा मशीन बंद करायला माझ्या हातात दिलं आणि आत गेले. मी म्हटलं, बघू तरी, काय एवढं अवघड आहे. सुईत दोरा ओवणारा हात, मला जमलं. सकाळी त्यांनी आकडा बघितला आणि अख्खी थाळी जेवले." तिने पदराने नाक पुसलं. "मग रोज शिवून उठलं की मी एक डाव खेळायचे. फार चांगला नाही, जरासा चांगला. माणूस हसायला लागला होता, मी कशी थांबणार?"

"आणि दवाखान्यात कोणालाच कळलं नाही?"

"तिथे मूठ आवळायला लावतात. मूठ ते छान आवळतात. अंगठा वर ताणता येत नाही, पण ते कोणाला दाखवतच नाहीत. बटणं मीच लावते."

सकाळचा शर्ट माझ्या डोळ्यांसमोर आला. मी कौतुक म्हणून बघितलं होतं. इतकी वर्षं लोकांना नीट बघा, नीट वाचा म्हणून ओरडणारी मी.

"मग कळलं की या आकड्यांवर डॉक्टर सही करणार," ती म्हणाली. "ते वर बसणार, खाली बगळा भाऊजी उभे. त्यांचा अंगठा अडला आणि काही खाली आलं तर? मला रात्री डोळ्यासमोर तेच दिसतं. खरं सांगितलं तर ह्यांचं काय होईल, आणि नाही सांगितलं तर त्यांचं काय होईल? मग तुझं पान वाचलं. सगळा डेटा जाईल असं तूच लिहिलं होतंस. म्हटलं, आकडेच गेले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील, तोवर मी हातच लावणार नाही."

"आणि चार्जर?"

"आधी चार्जर जोडा असं होतं ना त्यात," ती म्हणाली. इतक्या रडण्यातही तिला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

मी तिचा हात धरला. आणि तेवढ्यात बाहेरून छोटीचा आवाज आला, आनंदाने फाटलेला.

"आत्या! आई! बाबांचे आकडे सापडले! जुनी प्रत सापडली!"

मला मशीन आठवलं. ते मी बाहेर टेबलावर ठेवून आले होते. आम्ही बोलत असताना छोटीने ते उचललं होतं, आणि राखीव प्रत शोधायला तिला माझ्या पानाची गरजही नव्हती.

६

बाहेर दादा खुर्चीच्या टोकावर बसला होता, मशीन दोन्ही हातांत. बगळा त्याच्या मागे उभा. पडद्यावर लिहिलं होतं: आधीची प्रत सापडली आहे. परत आणण्यापूर्वी स्टिक जुळवा.

"एवढं झालं की झालं," छोटी म्हणाली. "सेटिंग उडालंय, म्हणून विचारतंय. बाबा, फक्त फिरवा."

पडद्यावर एक फिकट वर्तुळ आलं. खाली अक्षरं: स्टिक पूर्ण गोल फिरवा.

दादाने अंगठा स्टिकवर ठेवला. वर्तुळाची कड हिरवी होऊ लागली. खालची बाजू भरली, डावी भरली, वरची थोडी भरली. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात मात्र एक तुकडा तसाच राहिला. त्याने पुन्हा फिरवली. तुकडा तसाच.

स्टिक पूर्ण गोल फिरवा.

"अडकतेय कुठेतरी," दादा म्हणाला. "खाचेत काही गेलंय का बघ ग."

"काढलंय मी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. मी एका वाक्यात सगळं थांबवू शकत होते. तो ते वाक्य कसं ऐकेल, या भीतीने मी गप्प राहिले.

त्याने दात आवळले. कपाळावर घाम आला. अंगठ्याचं पेर पांढरं पडलं, पण अंगठा त्या कोपऱ्यापर्यंत पोचेना. दुपार जवळ येत होती.

स्टिक पूर्ण गोल फिरवा.

"मशीनच बिघडलंय," तो ओरडला आणि त्याने ते मागे बगळ्याच्या हातात दिलं. "तू फिरव रे."

बगळ्याने फिरवली. एकदाच. वर्तुळ पूर्ण हिरवं झालं. छान! स्टिक जुळली आहे.

छोटी टाळी वाजवणार होती. तिने बापाचं तोंड बघितलं आणि हात तसेच ठेवले.

"पुन्हा लाव," दादा मला म्हणाला.

मी लावलं. त्याने फिरवली, या वेळी सावकाश, पडद्याकडे न बघता अंगठ्याकडे बघत. तोच कोपरा, तोच तुकडा.

"तुझ्या पानावर काय लिहिलंय?" त्याने विचारलं. "हा संदेश परत परत आला तर काय करायचं?"

"स्टिक बदलून घ्यायची."

त्याने अंगठा उजेडात धरला. "हा कुठे बदलून मिळतो?"

मग त्याने मान वर केली आणि त्याच्या मनात काय आलं ते मला दिसलं.

"अंगठा इथवर जात नाही. मग ते आकडे कोणाचे?"

"माझे," वहिनी दारातून म्हणाली.

"सगळे?"

"पहिला आठवडा तुमचा. पुढचे माझे. आणि काल कार्डही मीच ओढलं. तुम्ही वर चढू नये म्हणून."

दादा उठला. मला वाटलं, आता मशीन भिंतीवर जाणार. त्याने ते बगळ्याच्या हातात दिलं आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते, रागाने की कशाने, कळत नव्हतं.

"मी रोज सकाळी आकडा बघून तुला हाक मारायचो," तो म्हणाला. "ये, बघ म्हणून. तू येऊन बघायचीस. हसायचीस. लाज नाही वाटली?"

"वाटायची," वहिनी म्हणाली. "पण तुम्ही जेवायचात."

बगळा इतका वेळ मशीन छातीशी धरून उभा होता. तो अगदी हळू म्हणाला, "उस्ताद, खाली मी असतो."

एवढंच. दादा वळला. त्याने बगळ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जणू त्याच्या अंगावर कुठे लागलंय का ते शोधत होता. मग त्याने हात पुढे केला आणि मशीन घेतलं.

बगळ्याने जुळवलेली स्टिक मशीनने धरली होती, पडद्यावर आता प्रश्न होता. आधीची प्रत परत आणायची का? हो. नाही.

"आणली तर सही होईल?" त्याने मला विचारलं.

"होईल," मी म्हणाले. खोटं बोलणं घरात आधीच पुष्कळ झालं होतं.

'नाही'चं बटण उजवीकडे होतं, अंगठ्याला अवघड जाईल अशा जागी. डाव्या हाताने ते सहज दाबता आलं असतं. त्याने उजवाच अंगठा नेला, ताणला, एकदा घसरला, पुन्हा नेला आणि दाबलं. पडदा कोरा झाला.

"चल," तो बगळ्याला म्हणाला. "डॉक्टरांकडे जायचंच आहे. आकडे नाहीत, अंगठाच दाखवतो. अजून काही दिवस वर तूच बस. घाम फुटला तर पुसायला रुमाल ने." दारापर्यंत जाऊन तो थांबला आणि वहिनीकडे न बघता म्हणाला, "बाकी खेळतेस मात्र झकास."

वहिनी ओट्याकडे गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

डॉक्टरांनी सही केली नाही, पण फाटकावरही पाठवलं नाही. अंगठा ताणायचे वेगळे व्यायाम दिले आणि पुन्हा बघू म्हणाले. मी घरी येऊन स्टिकचं पान उघडलं आणि त्यात एक ओळ वाढवली: स्टिक बदलण्यापूर्वी ती दुसऱ्या कोणाला तरी फिरवून बघायला सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. दादा होता.

"काय झालं? काय मेसेज आलाय?"

"मेसेज नाही. आकडा आलाय." तो थांबला. "चौदा."

शंभरातले चौदा.

"माझाच आहे," तो म्हणाला. "मशीन उशाखाली घेऊन झोपलो होतो. तुझ्या वहिनीने तोंडही बघितलं नाही त्याचं."

मागून वहिनीचा आवाज आला. ती त्याच्याशी बोलत नव्हती, मला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलत होती.

"तिला सांगा, नाश्ता केलात म्हणून. सगळा."